एमडीआर टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर आता सहा महिन्यांचा, इंजेक्शनाशिवायचा कोर्स आला आहे. त्याबद्दल रुग्णांचे नातेवाईक, नर्सिंग आणि फार्मसीचे विद्यार्थी, रसायनशास्त्र शिकणारी मुलं असे सगळेच प्रश्न पाठवतात. एकाला गोळी कधी घ्यायची हे हवं असतं, दुसऱ्याला ती बनते कशी हे. दोघांनाही उत्तर मिळावं असं वाटतं, म्हणून सगळं एकाच पानावर ठेवलं आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं हा निर्णय मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच.

१. एमडीआर टीबी म्हणजे नेमकं काय? तो साध्या टीबीपेक्षा जास्त पसरतो का?

टीबीवरची दोन मुख्य औषधं म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन. या दोघांनाही जंतू दाद देत नसेल तर त्याला एमडीआर म्हणतात. नुसत्या रिफॅम्पिसिनला दाद देत नसेल तरी उपचार जवळपास तोच. त्याशिवाय लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन या गटालाही दाद नसेल तर प्री-एक्सडीआर, आणि त्यावर बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिडही चालत नसेल तर एक्सडीआर. ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये बदलली, त्यामुळे जुन्या कागदांवरचं 'एक्सडीआर' आणि आजचं 'एक्सडीआर' एक नाही. जुनी फाइल घेऊन नव्या डॉक्टरांकडे जाताना हे लक्षात ठेवा.

पसरतो तो साध्या टीबीसारखाच, खोकल्यातून, हवेतून. फरक असा की चुकीची औषधं चालू राहिली तर रुग्ण महिनोन्महिने जंतू पसरवत राहतो. आपल्या गोळ्या नीट घेतल्या नाहीत म्हणूनच हा टीबी होतो, असंही नाही. ज्याने आयुष्यात कधी टीबीची गोळी घेतलेली नाही त्यालाही दुसऱ्याकडून थेट एमडीआर जंतूच लागू शकतो. तेव्हा रुग्णाला बोल लावणं बंद करूया.

२. हा आजार खरंच इतका आहे का, की नुसती चर्चा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला आणि साडेबारा लाख दगावले. त्यातले २६ टक्के रुग्ण भारतातले. मुंबईचं नाव या नकाशावर ठळक आहे. डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदुजा रुग्णालयातल्या चार रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली, त्यांच्या जंतूंवर तेव्हा तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. २०१२ च्या सुरुवातीला त्या बातमीने देशभर खळबळ उडाली होती.

३. नव्या कोर्समध्ये कोणती औषधं असतात? रोज किती गोळ्या?

चार औषधं: बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. इंग्रजी आद्याक्षरांवरून कोर्सला बीपीएएलएम म्हणतात. मुदत २६ आठवडे.

मोठ्यांसाठीचा नेहमीचा हिशेब असा. पहिले दोन आठवडे बेडाक्विलिन रोज ४०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या चार गोळ्या. सोबत प्रेटोमॅनिड २००, लिनेझोलिड ६०० आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ४०० मिलिग्रॅमची एकेक गोळी. एकूण सात. तिसऱ्या आठवड्यापासून बेडाक्विलिन आठवड्यातून तीनच दिवस, २०० मिलिग्रॅम. त्या दिवशी पाच गोळ्या, बाकीच्या दिवशी तीन. बहुतेक वेळा ब६ जीवनसत्त्वाची गोळीही देतात. काही ठिकाणी बेडाक्विलिन रोज देण्याची वेगळी पद्धतही आहे. तुमच्या कार्डावर जे लिहिलं आहे तेच पाळा.

४. आधी काय होतं? इंजेक्शन खरंच बंद झालं का?

आधी कोर्स १८ ते २४ महिन्यांचा होता. त्यातले सुरुवातीचे सहा-आठ महिने कॅनामायसिनसारखं इंजेक्शन रोज. दुखऱ्या कमरेपेक्षा मोठी किंमत कानांनी मोजली. हे औषध आतल्या कानातल्या केसपेशी मारतं आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला उंच पट्टीचे आवाज जातात. समोरच्याचं बोलणं अजून कळत असतं, म्हणून रुग्णाच्या ध्यानातच येत नाही. श्रवणतपासणीच्या आलेखावर मात्र उजवीकडची रेघ खाली घसरलेली दिसते. ती वेळेत कुणी पाहिली नाही तर पुढच्या काही आठवड्यांत बोलणंही ऐकू येईनासं होतं. टीबी बरा झाला आणि माणूस कायमचा बहिरा झाला, अशी तरुण मुलं-मुली आपल्याकडे कमी नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत कॅनामायसिन आणि कॅप्रिओमायसिन वापरू नका असं सांगितलं. भारतातही आता सगळे मुख्य कोर्स तोंडी गोळ्यांचेच आहेत. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत टीबीच्या उपचारात झालेला सगळ्यात मोठा बदल हाच, मुदत कमी होण्यापेक्षाही मोठा.

५. बेडाक्विलिन किती नवीन आहे आणि ते काम कसं करतं?

टीबीचा जंतूही आपल्या पेशींप्रमाणेच एटीपी नावाच्या रेणूतून ऊर्जा वापरतो. तो एटीपी तयार करणारं एन्झाइम म्हणजे एटीपी सिंथेज. त्याचा एक भाग जंतूच्या आवरणात बसवलेला असतो आणि काम करताना खरोखर फिरतो. बेडाक्विलिन त्या फिरत्या भागाला जाऊन चिकटतं आणि फिरणं थांबतं. ऊर्जा संपली की जंतू मरतो, लगेच नाही, पण मरतो. सुस्त पडून राहिलेल्या जंतूलाही थोडी ऊर्जा लागतेच, त्यामुळे तोही सुटत नाही. माणसाच्या पेशींतलं हेच एन्झाइम घडणीने वेगळं असल्याने त्याला फारसा धक्का बसत नाही.

बेल्जियममध्ये यान्सेन कंपनीत कोएन अँड्रीस यांच्या गटाने हा रेणू शोधला. तो २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये जाहीर झाला आणि डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर. टीबीसाठी नवीन गटातलं औषध मंजूर व्हायला चाळीसहून जास्त वर्षं गेली होती. भारतात २०१६ मध्ये सरकारी कार्यक्रमाखाली सहा केंद्रांवर ते सुरू झालं, त्यात मुंबईही होती.

६. मी एम.एस्सी. ऑरगॅनिक करते. हा रेणू बनवायला अवघड का मानतात?

कागदावर तो दोनच तुकड्यांचा आहे. एक ब्रोमिन असलेला क्विनोलिन, दुसरा नॅप्थालिन असलेला अमिनो-कीटोन. क्विनोलिनच्या बेंझिल जागेवरचा हायड्रोजन एलडीएसारख्या तीव्र बेसने काढायचा, थंडीत, पाण्याचा लवलेश नसताना, आणि तयार झालेला ऋणायन कीटोनवर टाकायचा. एकच कार्बन-कार्बन बंध जोडायचा आहे. एवढंच.

अडचण त्या बंधाच्या दोन्ही टोकांना आहे. दोन्ही कार्बन कायरल, म्हणजे रेणूची चार रूपं एकदम तयार होतात आणि जंतूला मारणारं त्यातलं एकच, १आर-२एस. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात जात नाही, तशी उरलेली तीन रूपं एन्झाइमच्या त्या खाचेत नीट बसत नाहीत. म्हणून मूळ पद्धतीत आधी नको असलेली जोडी स्फटिक करून वेगळी काढायची, मग बायनॅप्थिल फॉस्फेटसारख्या कायरल आम्लाबरोबर क्षार करून आरशातलं प्रतिबिंब दूर करायचं. हे सगळं झाल्यावर हातात येतं ते मालाच्या अर्ध्याहूनही कमी. त्यात कीटोन स्वतःच त्या बेसने प्रोटॉन गमावतो किंवा तुटतो, त्यामुळे बराच कच्चा माल जसाच्या तसा परत मिळतो.

यावर दोन दिशांनी काम झालं. मासाकात्सु शिबासाकी यांच्या गटाने २०१० मध्ये नेमकं हवं तेच रूप घडवणारी असममित संश्लेषणाची वाट दाखवली. शास्त्र म्हणून ती सुंदर आहे, पण पायऱ्या खूप असल्याने कारखान्याला परवडणारी नाही. दुसरीकडे व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातल्या 'मेडिसिन्स फॉर ऑल' गटाने जुनीच अभिक्रिया हातात घेतली आणि बेस कोणता, सोबत लिथियमचा कोणता क्षार, कोणत्या क्रमाने काय घालायचं, असे बारीकसारीक बदल करून २०२२ मध्ये उतारा आणि हव्या जोडीचं प्रमाण दोन्ही चांगलंच वाढवून दाखवलं. नवा मार्ग नाही, महाग उत्प्रेरक नाही. गरीब देशांच्या औषधासाठी अशा संशोधनाची फार गरज आहे. त्याला मोठी पारितोषिकं मिळत नाहीत याचं वाईट वाटतं. तुम्ही विषय शोधत असाल तर याकडे जरूर बघा.

७. प्रेटोमॅनिडचा मुंबईशी संबंध आहे असं वाचलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि हे आपल्याकडे जितकं माहीत असायला हवं तितकं नाही. गोरेगावला सीबा-गायगीचं संशोधन केंद्र होतं. तिथे के. नागराजन आणि त्यांचे सहकारी नायट्रोइमिडॅझोल कुळातल्या रेणूंवर वर्षानुवर्षं काम करत होते. मेट्रोनिडॅझोल याच कुळातलं. त्यातले दोन कड्यांचे काही रेणू टीबीच्या जंतूला मारतात, हे त्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातला सीजीआय-१७३४१ हा सगळ्यात प्रभावी होता आणि एमडीआर जंतूंवरही चालत होता. पण तो जनुकांत बदल घडवणारा निघाला, म्हणून काम तिथेच थांबलं.

पुढे सिएटलच्या पॅथोजेनेसिस कंपनीने तोच धागा उचलला, तीनशेहून जास्त सोयरे रेणू बनवले आणि त्यातून हा दोष नसलेला पीए-८२४ काढला. २००० मध्ये तो 'नेचर'मध्ये आला. कंपनीची मालकी बदलली तसा रेणू पुन्हा अडगळीत जाणार होता. २००२ मध्ये टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेने त्याचे हक्क घेतले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेत प्रेटोमॅनिड या नावाने तो मंजूर झाला. जपानच्या ओत्सुका कंपनीचं डेलामॅनिड हे त्याच कुळातलं भावंड.

विद्यार्थ्यांसाठी एक जोड: प्रेटोमॅनिड स्वतः विष नाही. जंतूच्या आतलं एफ-४२० वर चालणारं एक एन्झाइम त्याचं रूपांतर करतं, त्यात नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि जंतू आपल्याच एन्झाइममुळे मरतो. यात कायरल कार्बन एकच आणि टीबीवर चालतं ते एस रूप. आर रूप टीबीवर जवळपास निकामी, पण काळा आजार पसरवणाऱ्या लिश्मानियावर प्रयोगशाळेत तेच जास्त चांगलं चाललं.

८. 'सहा महिन्यांत बरा' याला पुरावा काय?

तीन चाचण्या महत्त्वाच्या. पहिली निक्स-टीबी, दक्षिण आफ्रिकेतली. सगळ्या औषधांना कंटाळलेले, पर्याय संपलेले १०९ रुग्ण. मॉक्सिफ्लॉक्सासिनशिवाय बाकीची तीन औषधं सहा महिने दिली आणि ९८ जणांत, म्हणजे ९० टक्क्यांत, निकाल चांगला आला. असे रुग्ण पूर्वी बहुतेक दगावत. पण लिनेझोलिड रोज १२०० मिलिग्रॅम होतं आणि ८१ टक्के रुग्णांच्या नसांना त्रास झाला.

म्हणून झेनिक्स. १८१ रुग्णांचे चार गट, लिनेझोलिड कधी १२००, कधी ६००, कधी २६ आठवडे, कधी ९. ६०० मिलिग्रॅम २६ आठवडे घेणाऱ्यांत ९१ टक्के यश आलं, नसांचा त्रास २४ टक्क्यांवर आला आणि रक्तपेशी कमी होण्याचं प्रमाण २ टक्क्यांवर. आजचा डोस इथून आला.

तिसरी टीबी-प्रॅक्टेकल, बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तानमध्ये 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संस्थेने घेतलेली. चार औषधांच्या गटात ८९ टक्के यश, जुन्या उपचारात ५२. फरक इतका स्पष्ट होता की नवीन रुग्ण घेणं मुदतीआधीच थांबवलं गेलं. निकाल डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी कोर्सची शिफारस केली आणि भारताच्या आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली.

९. जुन्या उपचारात ५२ टक्के यश म्हणजे बाकीचे ४८ टक्के दगावले का?

नाही. हा आकडा वाचून बरेच घाबरतात. 'प्रतिकूल निकाल' या खान्यात मृत्यू, उपचार अपयशी ठरणं, आजार उलटणं आणि उपचार मध्येच थांबवावा लागणं हे सगळं मोजतात. जुन्या उपचाराच्या गटातला मोठा वाटा या शेवटच्या कारणाचा होता, म्हणजे दुष्परिणाम सोसवेनात म्हणून औषध बदललं किंवा बंद केलं. तेव्हा नवा कोर्स 'जवळपास दुप्पट जीव वाचवतो' असं या आकड्यांवरून म्हणता येणार नाही. तो जास्त लोकांना शेवटपर्यंत घेता येतो आणि घेतल्यावर बरं करतो, हे मात्र नक्की म्हणता येतं. गंभीर त्रासाचं प्रमाणही ५९ टक्क्यांवरून १९ वर आलं.

१०. बेडाक्विलिनने मृत्यू होतात असं ऐकलं. मग ते का देतात?

ही भीती एका चाचणीतून आली. सुरुवातीच्या एका अभ्यासात बेडाक्विलिन घेणाऱ्या ७९ जणांतले १० दगावले आणि न घेणाऱ्या ८१ जणांतले २. त्यामुळे औषधावर कडक इशारा छापला गेला आणि तो बरोबरच होता. पण मृत्यूंची कारणं वेगवेगळी होती, औषधाकडे बोट दाखवणारा एकसारखा धागा त्यात सापडला नाही. पुढे दक्षिण आफ्रिकेने मोठ्या संख्येने रुग्णांना हे औषध दिलं. २०१८ मध्ये तिथल्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, तेव्हा बेडाक्विलिन घेणाऱ्यांतच मृत्यू कमी होते. हृदयावरच्या परिणामाकडे मात्र लक्ष ठेवावंच लागतं, ते प्रश्न १४ मध्ये.

११. हा कोर्स कोणाला देत नाहीत?

१४ वर्षांखालच्या मुलांना, गर्भवतींना आणि स्तनपान देणाऱ्या आयांना. प्रेटोमॅनिडबद्दल या गटांत पुरेशी माहिती नाही, हे कारण. मेंदूचा, मणक्याचा-हाडांचा आणि सगळीकडे पसरलेला मिलिअरी टीबी असेल तरीही नाही. मणक्याच्या टीबीचे बरेच जण याच ठिकाणी निराश होतात, पण त्यांच्यासाठी इतर तोंडी कोर्स आहेत: काहींना नऊ ते अकरा महिन्यांचा, काहींना अठरा ते वीस महिन्यांचा. बेडाक्विलिन, डेलामॅनिड, लिनेझोलिड यांच्या जोडीला लिव्होफ्लॉक्सासिन, क्लोफाझिमिन किंवा दोन्ही असलेला आणखी एक सहा महिन्यांचा कोर्सही जागतिक आरोग्य संघटनेने सुचवला आहे, आणि तो मुलांना व गर्भवतींनाही चालतो. त्यात प्रेटोमॅनिड नाही.

एचआयव्ही असेल तर बीपीएएलएम घेता येतो. फक्त एचआयव्हीची काही औषधं, विशेषतः इफाविरेंझ, बेडाक्विलिनची रक्तातली पातळी घटवतात. त्यामुळे दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत हवीत.

१२. थुंकीची साधी तपासणी पॉझिटिव्ह आली की लगेच हा कोर्स सुरू होतो का?

नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतो, तो कशाला दाद देत नाही हे दिसत नाही. त्यासाठी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करतात. दोन्ही तपासण्या जंतूचं जनुकीय द्रव्य वाचतात आणि रिफॅम्पिसिनला दाद आहे की नाही हे काही तासांत सांगतात. ट्रूनॅट गोव्याच्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या मोलबायो कंपनीचं. बॅटरीवर चालतं, म्हणून वीज जाणाऱ्या गावातल्या आरोग्य केंद्रातही चालतं, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. पुढे एलपीए तपासणीत मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या गटाचं कळतं. त्या गटाला दाद नसेल तर चौथं औषध वगळून बाकी तीनच देतात, आणि गरज पडली तर मुदत ३९ आठवड्यांपर्यंत वाढते.

नमुना देताना लाळ नको, खोलवरून खोकून काढलेला बेडका हवा. पहाटे उठल्याबरोबरचा उत्तम. खराब नमुन्यामुळे आठवडे वाया जातात.

१३. तळपायांना मुंग्या येतात, पेपरातली अक्षरं पुसट दिसतात. सहन करायचं का?

अजिबात नाही. या दोन तक्रारी बहुधा लिनेझोलिडच्या असतात आणि दोन्ही त्याच दिवशी सांगण्यासारख्या आहेत. लिनेझोलिड जंतूचं प्रथिन बनवणं थांबवतं. आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियाची प्रथिन बनवण्याची यंत्रणा जंतूशी मिळतीजुळती असल्याने तिलाही झळ बसते. ज्या पेशींना ऊर्जा जास्त लागते त्या आधी दमतात: लांब नसा, डोळ्याची नस, रक्त बनवणारा अस्थिमज्जा.

डोळ्याची नस वेळेत औषध थांबवलं तर बहुतेकदा सावरते, उशीर झाला तर सावरेलच असं नाही. म्हणून दर महिन्याला एक डोळा झाकून ठरावीक अंतरावरून वाचण्याची आणि रंग ओळखण्याची तपासणी होते. ती टाळू नका. लाल रंग फिका दिसायला लागणं ही सुरुवातीची खूण असते. घरी भिंतीवरचं कालनिर्णय लावलेलं असतंच. रोज एकेका डोळ्याने त्यातल्या लाल तारखा पाहा, दोन्ही डोळ्यांना त्या सारख्याच लाल दिसल्या पाहिजेत. रक्तपेशींसाठी सीबीसी ठरल्या वेळी करायचीच.

डॉक्टर लिनेझोलिडचा डोस कमी करू शकतात किंवा काही दिवस थांबवू शकतात. स्वतःहून तेवढीच एक गोळी गाळू नका. का ते प्रश्न १६ मध्ये.

१४. दर काही दिवसांनी ईसीजी कशाला? मला हृदयाचा काही त्रास नाही.

बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन, दोन्ही हृदयाच्या दोन ठोक्यांमधला सावरण्याचा काळ लांबवतात. ईसीजीवर त्याला क्यूटी म्हणतात. तो फार लांबला तर ठोक्यांची लय बिघडू शकते आणि त्याआधी रुग्णाला काहीच जाणवत नाही. म्हणून कागदावर बघावं लागतं. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम कमी झालं तर धोका वाढतो, तेव्हा असा त्रास झाला तर केंद्राला कळवा. चक्कर येऊन पडलात, छातीत धडधडलं तर थेट दवाखाना गाठा.

१५. गोळ्या उपाशीपोटी की जेवून? सोबत इतर काय चालत नाही?

जेवून. बेडाक्विलिन पोटात अन्न असताना साधारण दुप्पट शोषलं जातं. उपाशीपोटी घेतलेली गोळी अर्धी वाया गेली असं समजा. पोळीभाजी, वरणभात, जे रोजचं आहे ते पुरे.

आम्लपित्ताचं औषध, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी मॉक्सिफ्लॉक्सासिनला पोटातच बांधून ठेवतात. रक्त कमी झालं म्हणून लोहाची गोळी लिहून दिली जाते आणि सगळ्या गोळ्या एकदमच घेतल्या जातात, हे वारंवार घडतं. मध्ये काही तासांचं अंतर हवं, किती ते डॉक्टरांना विचारा. लिनेझोलिडचं नैराश्यावरच्या काही गोळ्यांशी आणि नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांशी जमत नाही, एकदम रक्तदाब वाढू शकतो. मेडिकलमधून आपल्या मनाने सर्दीची गोळी आणू नका. दारू पूर्ण बंद, कारण प्रेटोमॅनिड आणि बेडाक्विलिन दोन्ही यकृतावर ताण देतात.

१६. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं. आता बंद केलं तर काय बिघडेल?

या कोर्समध्ये मध्येच सोडणं जुन्या कोर्सपेक्षाही वाईट ठरू शकतं आणि त्याचं कारण बेडाक्विलिनच्या रसायनातच आहे. हा रेणू तेलकट स्वभावाचा आहे, ऊतींमध्ये मुरून बसतो आणि तिथून अगदी हळूहळू बाहेर येतो. त्याचा अर्धायुकाल साडेपाच महिन्यांच्या आसपास आहे. तुम्ही चारही गोळ्या आज थांबवल्या तर बाकीची तीन औषधं काही दिवसांत शरीरातून जातात, बेडाक्विलिन मात्र थोड्याशा पातळीत पुढचे कित्येक महिने राहतं. उरलेल्या जंतूसमोर तेव्हा एकटं बेडाक्विलिन असतं, तेही मारायला अपुरं. त्याला चुकवायला शिकण्यासाठी जंतूला याहून सोयीची स्थिती नाही.

एखाद्या दिवशी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. केंद्राला सांगा, चुकलेले दिवस शेवटी भरून काढतात.

१७. आधी बेडाक्विलिन घेतलं होतं आणि टीबी परत आला. हाच कोर्स मिळेल का?

एक महिन्याहून जास्त घेतलं असेल तर आधी जंतूची तपासणी लागते. आरव्ही-०६७८ नावाच्या जनुकात बिघाड झाला की जंतू औषध बाहेर फेकणारा पंप जोरात चालवायला लागतो. गंमत नाही, खरी अडचण अशी की तोच पंप क्लोफाझिमिनलाही बाहेर टाकतो. म्हणजे बेडाक्विलिन कधी न घेतलेला पण पूर्वी क्लोफाझिमिन घेतलेला रुग्णही अडकू शकतो. सीबीनॅट किंवा ट्रूनॅटमध्ये हे दिसत नाही, जंतू वाढवून तपासावा लागतो आणि त्याला आठवडे लागतात. जुन्या औषधांची नावं आणि तारखा असलेला प्रत्येक कागद सोबत न्या.

१८. औषध मेडिकलमध्ये मिळेल का? खर्च किती?

बेडाक्विलिन मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवून घेण्याचं औषध नाही. ते राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातून, पूर्ण मोफत मिळतं. खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू असतील तरी नि-क्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून ते मिळवता येतं. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात, आधी ५०० होते. माहितीसाठी टोल-फ्री क्रमांक १८००-११-६६६६.

१९. पेटंटचं काय झालं होतं? स्वस्त झालं ते त्यामुळेच का?

मोठ्या प्रमाणात हो. मूळ रेणूचं भारतातलं पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. कंपनीने त्याच रेणूच्या फ्युमरेट क्षारासाठी वेगळं पेटंट मागितलं होतं, ते मिळालं असतं तर मक्तेदारी आणखी चार वर्षं लांबली असती. अल्कधर्मी औषधाचा विरघळणारा क्षार बनवणं हे औषधरसायनातलं नेहमीचं काम आहे, त्यात नवा शोध काय, हा आक्षेप होता. तो २०१९ मध्ये घेतला दोन तरुण स्त्रियांनी: मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले. दोघीही टीबीतून वाचल्या आणि दोघींनीही जुन्या इंजेक्शनांमुळे ऐकू येणं गमावलं. २३ मार्च २०२३ रोजी भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला.

त्यानंतर ल्युपिनसारख्या भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली. देशांसाठी टीबीची औषधं एकत्र खरेदी करणाऱ्या ग्लोबल ड्रग फॅसिलिटी या यंत्रणेतून जाणाऱ्या सहा महिन्यांच्या औषधाची किंमत २०२० मध्ये ३४० डॉलर होती, ऑगस्ट २०२३ मध्ये ती १३० डॉलरपर्यंत उतरली. या दोघींचं नाव शाळेच्या पुस्तकात असावं असं मला मनापासून वाटतं.

२०. प्रेटोमॅनिडने पुरुषांना मूल होण्यात अडचण येते का?

उंदरांवरच्या प्रयोगांत वृषणांवर परिणाम दिसला होता, भीती तिथून आली. चार चाचण्यांतल्या पुरुषांची हॉर्मोन तपासणी नंतर मुद्दाम पाहिली गेली, त्यात असा परिणाम आढळला नाही. लग्न ठरलेल्या तरुणांकडून हा प्रश्न येतो आणि ते लाजून डॉक्टरांना विचारत नाहीत. जरूर विचारा.

२१. याहून चांगली औषधं येत आहेत का?

येत आहेत. ऑकलंड विद्यापीठ आणि टीबी अलायन्स यांनी बेडाक्विलिनचाच सांगाडा घेऊन टीबीएजे-८७६ बनवलं. तेलकटपणा कमी, हृदयाच्या ज्या पोटॅशियम मार्गामुळे क्यूटी लांबतो त्याला कमी धक्का आणि जंतूवर मारा जास्त, हा हेतू. प्रश्न १७ मधला पंप चालू झालेल्या काही जंतूंवरही ते चालतं असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. गॅनफेबोरोल हे तर बोरॉन असलेलं औषध, जंतूच्या प्रथिन बनवण्यातला वेगळाच टप्पा अडवणारं. दोन्ही माणसांवरच्या चाचण्यांत आहेत. म्हणून आज मिळणारा कोर्स पुढे ढकलून त्यांची वाट मात्र पाहू नका.

२२. घरात एकाला एमडीआर टीबी निघाला. बाकीच्यांनी काय करायचं?

सगळ्यांची तपासणी, लक्षणं असोत वा नसोत. लहान मुलांची आधी. पूर्वी एमडीआर रुग्णाच्या घरच्यांना प्रतिबंधक म्हणून काय द्यायचं याला ठोस उत्तर नव्हतं. व्हिएतनाममधल्या व्ही-क्विन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या टीबी-चॅम्प या दोन चाचण्यांनंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सहा महिने रोज लिव्होफ्लॉक्सासिन देण्याची शिफारस केली. रुग्णाचा जंतू त्या औषधाला दाद देत असेल तरच ते उपयोगी, म्हणून प्रश्न १२ मधल्या एलपीए अहवालाची प्रत घरच्यांच्या तपासणीला जाताना सोबत ठेवा. आणि घरात कुणाला आधीच टीबी झालेला नाही हे एक्स-रे व तपासणीने नक्की झाल्याशिवाय प्रतिबंधक गोळी सुरू करत नाहीत. खिडक्या उघड्या ठेवा, सुरुवातीच्या दिवसांत रुग्णाने मास्क लावावा. ताटवाटी वेगळी काढायची गरज नाही, टीबी भांड्यांतून लागत नाही.